तिसरा ट्रॉम्बोन

मंगळवारी सातला, टोलेडोमध्ये,
सेंट ॲगाथाच्या तळघरात
सतरा घडीच्या खुर्च्या लागतात.
त्या वर्डेल ओक्स स्वतः मांडते.
वय एक्क्याऐंशी. मदत केलेली चालत नाही.
खुर्चीचा कोन चुकला, म्हणते,
की सूर शेजाऱ्याच्या पाठीत शिरतो.

बत्तीस वर्षं तिनं शहराची बस चालवली,
रात्री ट्रॉम्बोन.
दातांबरोबर ओठही गेले.
आता वाद्य पेटीत, आणि ती लिहिते
जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
कागद उजेडात धरला तर तिच्या सुरांमागे दिसते
डोर स्ट्रीट, सहा चाळीस,
फक्त कामाच्या दिवशी.

ट्रम्पेटवाल्या पोरांना ती सांगते,
त्या रेडिएटरचं ऐका,
तो तुमच्यापेक्षा सुरात आहे
आणि पगार मागत नाही.
स्विंग म्हणजे काय, असं कुणी विचारलं
तर फळ्याकडे जात नाही.
बस थांब्यावरून हलते तेव्हा उभ्या माणसांकडे बघा.
कुणी दांडा आवळतो,
कुणी धक्का गुडघ्यात मुरवतो.
गुडघ्यात मुरवा.

मी रुडी वर्गा. लिफ्ट दुरुस्त करतो.
पहिल्याच महिन्यात कुरकुरलो होतो:
पहिल्या ट्रॉम्बोनला चाल मिळते,
चौथ्याला जमीन,
तिसऱ्याला उरलंसुरलं.
माझं कुणाला ऐकूच जात नाही.
ती म्हणाली, वर्गा, तू गप्प बस.
बाकीचे, दुसऱ्या पानापासून.

वाजलं. चूक कुणाचीच नव्हती.
पण लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबावी
आणि दार उघडावं, तसं काहीतरी.
पडत कुणी नाही. अडखळतात सगळे.
ऐकलंस? ती म्हणाली. तो तू होतास.

फेब्रुवारीत नवी रचना आली, अजून बिननावाची,
पेन्सिल ओली वाटावी इतकी ताजी.
माझ्या ओळीत एक सूर कोमल होता.
मी कोमल वाजवला.
डेल्फीननं सॅक्सोफोनमागे हसू लपवलं,
ड्रमवाल्या ओटिसची काठी हवेतच राहिली.
काय होतं ते?
कागदावर आहे, मी म्हणालो.

तिनं कागद दिव्याखाली नेला,
चष्मा काढला, परत लावला.
रेडिएटर कण्हत होता.
हात हलला माझा, ती म्हणाली,
जसं ड्रायव्हर सांगतो, रस्ता बंद आहे.

अशा गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकलेल्या.
आता ती म्हणणार, राहू दे,
चुकीतच सौंदर्य असतं, वगैरे.
तिनं रबर काढलं.
खसाखसा पुसलं, फुंकर मारली,
काळे कण माझ्या बुटांवर पडले.

मग वेळापत्रकाचा एक कोपरा फाडून
पाच रेघा ओढल्या, वाकड्या,
त्यांवर तोच सूर, त्याच्या आजूबाजूचे तीन,
आणि पुढे काही नाही.
चांगला आहे, म्हणाली, पण माझा नाही.
इथे त्याला जागा नाही.
घरी ने. बघ कुठे जायचं म्हणतो.

आज अकरा आठवडे तो शर्टाच्या खिशात आहे.
शाफ्टमध्ये, आठव्या आणि नवव्याच्या मध्ये,
जिथे भिंतीवर मजल्याचा आकडा नसतो,
मी तो गुणगुणतो.
तारा थोड्या गुणगुणतात.
पुढचा सूर अजून आलेला नाही;
एकदा आलासा वाटला, पण ती खालच्या मजल्यावरची घंटी होती.

वर्डेल विचारत नाही.
फक्त मंगळवारी, सुरू करण्याआधी,
सगळ्यांवरून नजर फिरवताना
माझ्याशी जरा थांबते,
जशी आरशात बघून थांबत असेल
मागचा म्हातारा बसलाय का ते पाहायला,
आणि मग ब्रेक सोडते:
एक, दोन,
एक दोन तीन